उपसलेली विहीर

पोरगी माह्या गळ्याले चिकटली होती. मास्तरनं हातावर उपरणं गुंडाळून तिची बोटं एक-एक सोडवली. मंग गड्याले म्हणाला, "मोटर चालू कर. सगळं पाणी उपसून टाक. बाटलं."

त्याच विहिरीच्या तळातून मी त्याची पोर काढली होती. सात वर्साची. ओकली, रडली, जगली.

आम्ही पाणमाणसं. बोटायमंधी पडदे. पाण्यात आम्ही कातडीनंच श्वास घेतो, अन् कातडी सुकली का मरतो. लोक बेडकं म्हणतात. अमडापूरच्या शिवारात कोणी विहिरीत पडलं का आम्हाले बलावतात. एरवी कठड्याले हात लावू देत नाहीत.

वैशाखाचं ऊन. माही कातडी तडकून राह्यली होती. मी म्हणाली, "मास्तर, एक बादली अंगावर टाका."

"ढोराच्या हौदात जाय."

बाबा संग होते. तेही सुकले होते. मास्तरले हात जोडून मुकाट हौदात उतरले. शेवाळ. बैलाची लाळ.

"ये माय," बाबा म्हणाले. "काऊन उभी राह्यली?"

मी बाबाकडं पाह्यलं. राग नाही आला. रडू नाही आलं. काहीच नाही आलं.

मी वळली अन् विहिरीत उडी मारली.

मास्तर वरून वरडला, "नीघ बाहेर!"

"पाणी बाटलं ना? उपसा. मी इथंच बसते."

मोटर चालत राह्यली. पाणी छातीवर आलं. कमरेवर. घोट्यावर. मोटर हवा ओढू लागली, तशी गड्यानं बंद केली. खाली गाळ अन् मी. पाठीची कातडी फाटली. पाठ दुसऱ्याच कोणाची असावी, असं वाटलं.

मंग खडकातून झरा पाझरला. दुपार कलली तवा पाणी गुडघाभर झालं.

वर पोरीनं पाणी मागितलं. घरात थेंब नव्हता. मास्तरनं बादली सोडली, माह्या पायापासचं पाणी भरून वर नेलं. पोरगी घटाघटा प्याली. मी पाह्यलं नाही. ऐकलं.

"मास्तर," मी खालून इचारलं, "आता बाटलं का नाही?"

त्यानं बादली परत खाली सोडली.

मी आजही उतरते. पडलेल्या माणसाले पयले वर देते. पण मी वर येत नाही. विहीर ज्याची, त्यानं सगळ्यायदेखत आपल्या हातानं माह्या अंगावर पाणी टाकाचं. तवर मी खालीच. किती येळ टाकाचं, ते मी ठरवते.