पडद्यामागून पाहिलेला साहेब

हौशीरामभाऊ मागच्या पंधरवड्यात लोणावळ्याहून कायमचे आमच्या गावी, टाकव्याला आले. साहेब लोकांचा क्लब बंद झाला, खुर्च्या लिलावात गेल्या, बायस्कोपचा पडदा कुणी नेला ते त्यांनाही ठाऊक नाही. सोबत एक ट्रंक, एक आरसा आणि डोक्यावरची काळी टोपी एवढंच आणलं.

माझ्या रोजच्या वहीत तिथी, उपासतापास, पाऊसपाणी आणि घरात काय घडलं एवढंच असतं. एका माणसाबद्दल सलग असं मी कधी लिहिलं नाही. पण काल माझ्या चुलत जाऊ धोंडाबाई म्हणाल्या, "तुला लिवता येतं, तर हौशीरामचं लिव की. त्याच्यापायी मी एकाच दुपारी मेले आन् जिती झाले." म्हणून बसले आहे.

भाऊ आमच्या भावकीतले, नात्याने दीर. बाप लवकर गेला, शेत तुकडाभर. पंधराव्या वर्षी लोणावळ्याला गेले ते क्लबातल्या झाडांना पाणी घालायला. पुढे खुर्च्या मांडायचं काम मिळालं, आणि बायस्कोप सुरू झाल्यावर स्टेशनावरून फिल्मचे पत्र्याचे डबे खांद्यावरून आणायचं. खेळ साहेब-मडमांसाठी. पण पडदा साध्या कापडाचा, आणि मागे सामानाची खोली. दिवे मालवले की भाऊ त्या खोलीत उपड्या बादलीवर बसून मागच्या अंगाने सगळं बघत. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं.

त्यात एक नट होता. बारीक कोरलेली मिशी, चापून बसवलेले केस, अंगावर कोट असा की बसला-उठला तरी सुरकुती नाही. त्याचं नाव भाऊंना कधी धड घेता आलं नाही. मी तीनदा वहीत लिहून घेतलं, तिन्ही वेळा निराळं झालं. शेवटी आमच्या आळीत त्याला नुसतं 'हौशीरामचा साहेब' म्हणू लागले.

दर रविवारी भाऊ कामशेतला गाडीतून उतरून, नदी ओलांडून घरी येत. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायका निवडणं-टिपणं घेऊन बसत आणि भाऊ साहेबाचं सांगत.

"बाई आली की उठून हुबा ऱ्हातो. मोटारीचं दार उघडून धरतो. बाई बसली, मंग ह्यो."

"का? तिला हात न्हाईत?" धोंडाबाई विचारायच्या.

"हायत की थोरल्या वैनी. पर धरतो."

"मंग उद्या सकाळी येऊन आमच्या गोठ्याचं धर. म्हस बी बाईमानूसच हाय."

सगळ्या हसायच्या. भाऊही हसायचे, पण सांगायचं सोडत नसत. एका चित्रात म्हणे साहेबाची ठरलेली बाई दुसऱ्याशी लग्न करते. हा मांडवात येतो, नवऱ्यामुलाचा हात हातात घेतो, वाकून नमस्कार करतो आणि हळूच बाहेर पडतो. भाऊ म्हणाले, "वैनी, त्याच्या डोळ्यांत पानी न्हवतं. पर माज्या आलं." त्या वेळी कुणी थट्टा केली नाही.

त्यांच्या घरात मात्र साहेबाने चांगलंच बस्तान बसवलं. शालूबाई, भाऊंची बायको, पाण्याचा हंडा घेऊन दारातून आली की भाऊ उठून उभे राहत. ती कावरीबावरी होई. "बसा वो खाली, कुनी बगंल." भाऊ तिच्या हातातला हंडा उतरवून घेत. पंगतीला तिचं ताट आपल्या शेजारी मांडत. पाणवठ्यावर शालूबाई याची तक्रार करायची, पण तक्रार सांगताना तिचा चेहरा असा असायचा की ऐकणाऱ्या बायका घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांकडे जरा निरखून बघत. मीसुद्धा पाहिलं होतं. आमच्याकडे काही उपयोग झाला नाही.

भांगाची गोष्ट भाऊ स्वतःच सांगतात. साहेबासारखा भांग हवा म्हणून त्यांनी बाजारातल्या न्हाव्याकडून तो उजवीकडे पाडून घेतला. न्हावी म्हणाला, सगळी दुनिया डावीकडे पाडते. भाऊ म्हणाले, दुनियेचं मला सांगू नको. अशी आठ-नऊ वर्षं गेली. मग एका शनिवारी पुढच्या रांगेतली खुर्ची मोडली, ती बदलायला खेळ चालू असतानाच भाऊंना पडद्यासमोर जावं लागलं. वर पाहतात तो साहेबाचा भांग डावीकडे. पडदा मागून पाहिला की सगळं उलटं दिसतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या रविवारी ते घरी आले आणि टोपी भुवयांपर्यंत ओढून बसले. पुढच्या रविवारी आले तेव्हा भांग डावीकडे होता.

साहेबाची आणखी एक लकब त्यांनी उचलली होती. साहेब बाईमाणसासमोर आला की डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरायचा आणि जरासा वाकायचा. भाऊ लोणावळ्याच्या बाजारात मडमा भेटल्या की टोपी काढून तसंच करत. मडमा खूश होत. गावात मात्र त्यांनी कधी टोपी काढली नाही. आमच्याकडे पुरुष चारचौघांत डोकं उघडं करतो ते एकाच प्रसंगी. कुणी गेल्याची खबर आणणारा माणूस फेटा किंवा टोपी हातात घेऊनच दारात येतो. त्याला तोंडाने काही सांगावं लागत नाही. हे भाऊंना काय, पाळण्यातल्या पोराला कळतं.

तर सन त्रेचाळीसचा मार्गशीर्ष. धोंडाबाईंचा एकुलता एक मुलगा सोपान पलटणीत भरती होऊन समुद्रापलीकडे लढाईवर गेला होता. आधी महिन्या-दीड महिन्याने पत्र यायचं. ते मीच वाचून दाखवत असे, कारण माझे वडील तळेगावला मास्तर, त्यांच्या कृपेने मला चार इयत्ता मिळाल्या. ज्येष्ठात एक पत्र आलं आणि त्यानंतर काही नाही. सहा महिने झाले. दिवाळीच्या आधी पलीकडच्या गावातल्या एका घरी खबर आली होती. तिथले पाटील उघड्या डोक्याने त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले, हे साऱ्या मावळात पसरलं. तेव्हापासून धोंडाबाई वाटेकडे पाठ करून बसू लागल्या. मी सोपानच्या नावाने रोज एक विष्णुसहस्रनाम म्हणत होते, ते त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मोक्षदा एकादशी. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. धोंडाबाईंचे यजमान अंबाजी आणि दोन गडी पेंढ्या आपटत होते, आम्ही बायका सुपाने वारा देत होतो. रविवार नव्हता. तरी बांधावरून हौशीरामभाऊ येताना दिसले.

"आज कसा काय ह्यो?" शालूबाई म्हणाली.

भाऊ भराभर चालत होते. खळ्याच्या कडेला आले, धोंडाबाईंच्या समोर थांबले. दम लागला होता. आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली, आणि वाकले.

धोंडाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग सगळं भात त्यांच्या पायावर ओघळलं. त्या ओरडल्या नाहीत. हळूच खाली बसल्या, जशी म्हातारी माणसं बसतात तशी, आणि म्हणाल्या, "कवा?"

अंबाजींनी पेंढी खाली ठेवली. मग डोक्याचा फेटा सोडला. त्यांचं बघून दोघा गड्यांनीही सोडला. एका बाईने गळा काढला, तिच्यामागे दुसरीने. मी धोंडाबाईंना धरायला गेले तर त्यांचं अंग थंड लागलं.

भाऊंना आधी काही उमजेना. ते एकदा आमच्याकडे बघत, एकदा अंबाजींच्या उघड्या डोक्याकडे. मग त्यांची नजर स्वतःच्या हातातल्या टोपीवर गेली. माणसाचं तोंड असं उतरलेलं मी कधी पाहिलं नाही. खिशातून त्यांनी एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "वैनी, वाचा. वाचा वो लौकर."

मी पाकीट हातात घेतलं. त्याची एक कड कापलेली होती. अशुभाच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. शेजारच्या बाईनेही ते पाहिलं. "फाटलंय," ती म्हणाली, आणि रडण्याला पुन्हा जोर आला.

"फाटलं न्हाई," भाऊ कसेबसे म्हणाले. "सरकारनं कापलंय. पलटनीतली समदी पत्रं सायेब आदी वाचत्यात, मंग चिकटवत्यात. ती चिकटवलेली पट्टी बगा. कामशेतच्या पोस्टमास्तरनं सांगितलं मला. पत्र सोपानच्याच हातचं हाय."

कडेला खरंच छापील कागदाची पट्टी चिकटवलेली होती. मी ती ओरबाडून काढली. अक्षर पाहिलं आणि मला पुढचं वाचायची गरजच उरली नाही. सोपानचा 'श्री' मीच शिकवलेला, शेवटची वेलांटी तो नेहमी ओळीबाहेर नेतो.

मी मोठ्याने वाचलं. तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार. डाव्या हाताला गोळी लागून गेली, दोन बोटं गेली, बाकी हात बरा आहे. चार महिने इस्पितळात होतो. उजव्या हाताने लिहितोय, म्हणजे काळजी करू नये. इथे दूध मिळतं पण म्हशीचं नाही.

"पुन्यांदा वाच," धोंडाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. म्हशीच्या दुधापाशी त्यांना हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू. अंबाजींनी फेटा बांधायला घेतला, पण त्यांना तो बांधता येईना. एका गड्याने तो गुंडाळून दिला.

मग धोंडाबाई उठल्या. भाऊ अजून तसेच टोपी हातात घेऊन उभे होते. धोंडाबाईंनी ती हातातून ओढून घेतली, भाऊंच्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पार कानांपर्यंत दाबली.

"ही परत काडलीस ना माज्यासमोर, तर हात मोडीन."

"व्हय, थोरल्या वैनी."

"पत्र कुटं मिळालं तुला?"

तेव्हा सगळं कळलं. गोऱ्या सोल्जरांसाठी त्या दिवसांत मधल्या वारीही खेळ व्हायचे. फिल्मचा एक डबा चुकून कामशेतला उतरवला गेला, तो आणायला भाऊ आले होते. पोस्टमास्तरांनी हाक मारून पत्र दिलं. भाऊंनी डबा स्टेशनातच ठेवला आणि इकडे चालू लागले. लोणावळ्यात साहेब लोक खुर्च्यांवर बसून राहिले असतील, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर ते मला म्हणाले, "वैनी, नदीपासनं मी इचार करत आलो, की असली चांगली चिठ्ठी माज्या साहेबानं कशी दिली आसती. समदं तसंच करायचं ठरवलं. बाकी काय डोक्यातच आलं न्हाई." शालूबाईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ते पितील तोवर तिथेच उभी राहिली.

त्या दिवशी धोंडाबाईंनी खळ्यावरच सगळ्यांना भाकरी आणि गूळ वाटला. मीही खाल्ली. अर्धी संपल्यावर एकादशी आठवली. वहीत तसंच लिहून ठेवलं आहे, आणि देवाला सांगितलं आहे. त्याने काही मनावर घेतलेलं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ निघाले तेव्हा धोंडाबाईंनी त्यांना अडवून नेम घालून दिला. पत्र खुशालीचं असेल तर नदीच्या काठावरूनच ओरडायचं. जवळ येऊन सांगणं नको, वाकणं नको.

पुढची दोन वर्षं हा नेम चालला. पोस्टमास्तर आसपासच्या चार गावांची पलटणीतली पत्रं रविवारी भाऊंच्याच हाती देऊ लागले, आणि नदीवरून आरोळी यायची, "खुशाल हाय, दत्तोबाच्या घरचं, खुशाल हाय." आवाज काही चांगला नव्हता, मध्येच चिरकायचा. ते ऐकायला बायका रविवारी दुपारी धुणं घेऊन मुद्दाम खालच्या अंगाला बसत. आरोळी आली नाही तर पत्र नाही, एवढंच. एकदा मात्र ते वरच्या ठाकरवाडीकडे गेले, टोपी हातात घेऊन. ते आम्ही लांबून पाहिलं आणि घरात आलो.

शेहेचाळीसच्या फाल्गुनात सोपान आला. भाऊंना तो लोणावळ्याच्या फलाटावरच भेटला, दोघं मिळून कामशेतला उतरले. मी अंगणात तुळशीपाशी होते. नदीवरून आरोळी आली, "खुशाल हाय, सोपान आलाय, संगं चालतोय, खुशाल हाय."

मी धावत धोंडाबाईंच्या गोठ्यात गेले. त्या धार काढत होत्या.

"बाई, ऐकलंत का? सोपान आला."

"ऐकलं की."

"अहो मग उठा."

त्यांनी चरवी गुडघ्यांत नीट धरली आणि म्हशीच्या कासेवरचा हात काही थांबवला नाही. "हौशीराम वरडला न्हवं? मंग घाई कशाला. पोराला दूध लागंल आल्या आल्या."

मी दारात उभी राहून वाटेकडे बघत होते. आत धारेचा आवाज एकसारखा चालू होता.