खरखर काढणारे साईं

साईं कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी पंखा बंद करायला लावत, स्टुलावर चढत आणि त्याची खरखर घालवूनच खाली उतरत. एका साखरपुड्यात तर त्यांनी भटजींचा माइकच उघडून ठेवला होता. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सिंधी रिवाजाने ते सगळ्यांना 'साईं' म्हणत, बिघडलेल्या रेडिओलासुद्धा. म्हणून आम्हीही त्यांना साईंच म्हणायचो. मी तिथे सोल्डरिंग करायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही.

नव्वदच्या आसपास त्यांनी तंबोऱ्यासारखी वाजणारी विजेची पेटी बनवायला घेतली, ती बदलापूर गावातल्या भजनी बुवांसाठी. तंबोरा धरणारा बुवांचा भाऊ आनंदनगरच्या कारखान्यात पाळीवर लागला आणि बुवांचं गाणंच थांबलं. देवळाचा उत्सव तोंडावर आला होता.

बुवांनी पेटी ऐकली, मान हलवली. "सूर बरोबर हाय, साईं. पन जवारी नाय."

पुढच्या खेपेला बुवा आले, तर साईंनी शेजारणीकडून करून घेतलेली ज्वारीची भाकरी ताटात वाढून ठेवलेली. "खाओ साईं! जवारी नहीं बोले थे ना?"

बुवा हसून हसून खालीच बसले. "अहो, आमी तांदळाची भाकरी खानारी मानसं! जवारी तंबोऱ्याला लागते, मला नाय." पण भाकरी संपवली त्यांनी, ठेच्यासकट.

मग ते घरचा तंबोरा घेऊन आले. तारेखाली सुताचा दोरा सरकवला की तार झिणझिणत बोलते, तीच जवारी. साईं चाट पडले. असली झिणझिण त्यांनी पेटीतून वेचून वेचून काढली होती.

"साईं, ये तो खराबी है!"

"ह्या खराबीनंच गोड लागतं."

त्यानंतर दोघं रोज भांडत. बुवा तार छेडून म्हणत, "अजून थोडी." साईं स्क्रू फिरवत. "इतनी?" "ही तर माशी झाली!" मी एक कंडेन्सर काढायचे, दुसरा लावायचे आणि तोंड फिरवून हसायचे. एका दुपारी बुवांनी तार न छेडता थेट पेटीच्या सुरावर आलाप घेतला. साईंनी सगळ्या गाळ्यांना लस्सी पाजली.

उत्सवाच्या संध्याकाळी बुवा रंगात आले आणि लाइट गेली. पेटी गप्प. बुवा अडखळले. तेवढ्यात मागे माझ्याशेजारी बसलेल्या साईंनी आपल्या फाटक्या आवाजात "साऽऽ" लावला. पोरं खिदळली. सूर घसरत चालला, तसे साईं माझ्याकडे वळून कुजबुजले, "बेटा, मुझसे गिर रहा है. पकड!"

माझ्या कानात कितीतरी दिवस तोच सा बसलेला. मी तोंड उघडलं. बुवांनी वळून पाहिलं आणि अभंग पुढे नेला. लाइट आली, पेटी पुन्हा बोलू लागली, तेव्हा ते म्हणाले, "पेटी चालू ठेवा. पन पोरी, तू थांबू नको."

पुढे बुवा त्या पेटीवर वर्षानुवर्षं गायले, आणि त्यांच्या मागे बसून मीही. साईं मात्र दुकान विकून मुलाकडे इंदूरला निघाले. निरोप द्यायला आम्ही दोघं गेलो. मी पाया पडले आणि मला हुंदका आवरेना. साईंनी कान टवकारले, बुवांना कोपराने ढोसलं आणि म्हणाले, "सुनो साईं, रोती भी सुर में है!"