कंदील धाकटीच्या हातात

"ताई, तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ काय गं?"

फोन कान आणि खांद्यात धरून थोरली कोटाची बाही उसवत होती. कात्री तिथेच थांबली.

"तुला कशाला हवी?"

"अगं, यंदा कंदील मला दिलाय ना!"

टाचणी बोटात रुतावी तसं झालं थोरलीला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिच्या गावची मंडळी घरोघर गात फिरायची, पुढे कंदील. चढावरच्या शेवटच्या घरापुढे तिसरं कडवं यायचं, तेही कंदीलवाल्याने एकट्याने म्हणायचं. बाकीच्यांनी नुसतं गुणगुणायचं. आधी बाबा म्हणायचे, मग सात वर्षं थोरली. ती शिवणकामासाठी शहरात आली तसा बाबांनी कंदील परत हातात घेतला. गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. कडवं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि धाकटी दरवर्षी घरी थांबून मंडळींसाठी चहा टाकायची, त्यामुळे तिला ते अर्धंमुर्धंच ठाऊक.

डिसेंबर लागला की मशीनवर बसल्या बसल्या थोरलीच्या ओठांवर तीच गाणी. शेजारी काजं करणारी म्हणायची, "मावशी, रेकॉर्ड बदला की आता!"

आणि आता? घर धाकटीला, बाबांची खुर्ची धाकटीला, अख्खी गल्ली धाकटीला. वर कंदीलही! थोरलीकडे उरलं काय, तर एक कडवं.

"सांग ना गं. 'दार उघडा, पाहुणे गारठले'... पुढे?"

'चुलीपाशी द्या थोडी जागा.' अगदी जिभेवर आलं होतं.

"दारापाशी द्या थोडी जागा," थोरली साळसूदपणे म्हणाली.

"दारापाशी? एवढ्या थंडीत?"

"बाबा तसंच म्हणायचे. तुला काय माहीत, तू आपली चहाच्या आधणापाशी!"

"बरं बाई."

पुढचे चार दिवस थोरलीचे मजेत गेले. धाकटी चुकणार, मंडळीतले जुने बेकरीवाले काका भर गर्दीत ओरडणार, "थोरली असती तर असं झालं नसतं!" हे एकच वाक्य ती टाक्या-टाक्याला मनात शिवत होती.

नाताळच्या दुपारी फोन आला. थोरली सकाळपासून त्याच्याच उशाशी होती.

"झालं का गं नीट?"

"काय सांगू ताई! चढावरच्या घरापुढे पोचलो. कसंबसं कडवं म्हटलं, तर बेकरीवाले काका म्हणतात, थांब पोरी, ओळ चुकली."

थोरली पलंगावर सावरून बसली. "मग?"

"मग काय! मी म्हटलं, ताईने सांगितलंय, ताई चुकायची नाही. तर म्हणाले, थोरलीने सांगितलं असेल तर माझंच डोकं म्हातारं झालं. आणि रीत मोडून माझ्याबरोबर तेही 'दारापाशी'च गायले. सगळेच गायले."



"चुलीपाशी," थोरली पुटपुटली.

"काय?"

"चुलीपाशी द्या थोडी जागा. खरी ओळ ती. काकांना आत्ता जाऊन सांग, त्यांचं डोकं शाबूत आहे म्हणावं."

"मग मला तसं का सांगितलंस?"

"कंदील तुझ्या हातात बघवेना मला."

"बघायला तू आलीस कुठे?" धाकटीचा आवाज चढला. "सात वर्षं तू कंदील मिरवलास आणि मी चहा गाळला. मला बघवत होतं का, विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं.

"आता म्हणून दाखव," धाकटी म्हणाली. "सगळं. एक अक्षर इकडचं तिकडे केलंस तर याद राख."

थोरलीने म्हटलं. 'जागा'वरच्या चढ्या सुराला आवाज चिरकला, तरी शेवटपर्यंत म्हटलं. पलीकडून धाकटीने ते लगेच, एका दमात परत म्हणून दाखवलं.

"बरोबर?"

"बरोबर."

मेलीने तो चढा सूरही अचूक लावला होता. इतकं काही छान म्हणायची गरज नव्हती.