‘रिव्हर्स हॉर्न’ची गर्दी

पनवेलजवळच्या विचुंब्याच्या भावेशशी कुणी गोड बोललं की त्याला आधी सातबारा आठवतो. त्यात त्याची फार चूक नाही म्हणा. विमानतळाचं नाव निघाल्यापासून आमच्याकडे ज्याच्या नावावर चार गुंठे आहेत, त्याला रोज नवे मानलेले भाऊ भेटतात. पण भावेशचा संशय त्याहून जुना. त्याच्या यार्डात न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर उभे राहतात. एखादा ड्रायव्हर ‘शेठ, चहा घेणार?’ म्हणाला तरी हा विचारतो, ‘का?’

अशा माणसाला रेवा नावाच्या कुणा बाईचा मेसेज आला. ‘तुम्ही रिव्हर्स हॉर्नवाले भावेश ना? मी तुमची फार मोठी फॅन होते. भेटायचं आहे.’ भावेशच्या मनात पाल चुकचुकली. सतरा वर्षांनी फॅन? ही नक्की कुठल्या बिल्डरची?

आता रिव्हर्स हॉर्न म्हणजे काय, ते सांगायला हवं. दोन हजार आठ साली भावेश आणि त्याचे नवीन पनवेलमधले दोन मित्र यांनी काढलेला हा पॉप-पंक बँड. तीन कॉर्ड, सुसाट ड्रम आणि प्रेमातली रड हसतहसत ओरडून सांगायची. ‘गेट पास’ हे त्यांचं गाणं तेव्हा उरणपासून आपट्यापर्यंत पोरापोरींच्या तोंडी होतं. त्या गावांबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं, पण इथे मैदानं भरायची.

मग आपट्याला नदीकाठच्या मैदानात त्यांचा सर्वात मोठा कार्यक्रम झाला. मध्यंतरात भावेश स्टेजमागे पाणी प्यायला गेला, आणि तिथे गावातला दादू कुणाला तरी सांगत होता, “तुळशीराम सोता दारात आला बोलवाया. नाय कसं म्हनायचं?”

तुळशीराम म्हणजे भावेशचा बाप. आमच्यात बोलावणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. यजमान स्वतः उंबऱ्यापर्यंत आला पाहिजे. आला, की समोरच्याला जावंच लागतं, मग हळद असो नाहीतर बारसं. म्हणजे ही गर्दी गाण्याची नव्हती, बापाच्या शब्दाची होती! तो तसाच गाडीवर बसला आणि घरी आला. बँड मोडला. का मोडला, याचा त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. बापाशी मात्र पुढची अकरा वर्षं कामापुरतं बोलला. मग बाप गेला.

तर रेवा आली. चाळिशीच्या आतबाहेरची, चष्मेवाली. भावेशची आई भामा चहा ठेवायला उठली, तर याने डोळ्यांनीच दटावलं. म्हातारीने त्याला जुमानलं नाही.

“पनवेलच्या जुन्या बँडच्या रेकॉर्डिंग मी गोळा करते,” रेवा म्हणाली, आणि पर्समधून कागद काढला. “माझ्याकडे तुमची एक क्लिप आहे. इंटरनेटवर टाकायला तुमची सही हवी होती.”

सही! भावेशने कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, उजेडात धरला. जमिनीचा गट नंबर काही सापडेना. मग त्याने वर्षानुवर्षं मनात कुजत असलेला प्रश्न विचारला. “तुम्हाला कार्यक्रमाला कुणी बोलावलं होतं?”

“आम्हाला कोण बोलावणार? बाबांची पुण्याहून बदली झाली होती, इथे काळं कुत्रं ओळखत नव्हतं. कॉलेजबाहेर पोस्टर पाहिलं आणि आले.”

“तुम्ही आला असाल. बाकीच्यांचं मला माहीत आहे.”

रेवाला काही कळलं नाही. तिने फोन पुढे केला. “ही आपट्याची. तुम्ही अचानक निघून गेलात ना, त्यानंतरची. कुणी उठलंच नाही. अर्धा तास आम्हीच गात बसलो.”

चित्र धुरकट होतं, पण आवाज स्पष्ट होता. स्टेज रिकामं, आणि सगळं मैदान ‘गेट पास’ म्हणतंय. दुसरं कडवंसुद्धा, जे कधीच छापलं नव्हतं, फक्त कार्यक्रमांत ऐकायला मिळायचं. भावेशला आत कुठेतरी बरं वाटायला लागलं आणि लगेच त्याने स्वतःला आवरलं. बोलावलेली माणसं गाणारसुद्धा, बापाची भीड होतीच तशी.

तेवढ्यात कॅमेरा पुढे वळला. पहिल्या रांगेत तुळशीराम बसला होता, आणि समोरच्या खुर्चीवर त्याचा प्लास्टरमधला पाय.

हा पाय भावेश सतरा वर्षं विसरलाच होता. त्या दिवशी कार्यक्रमाला निघताना बापाला टेम्पोत चढवताना एक खांदा त्याचाच होता.

“आई,” तो चहा घेऊन आलेल्या भामाला म्हणाला, “आपट्याच्या कार्यक्रमाला बाबा कुनाकुनाला बोलवाया गेलते?”

“कसा जानार? दीड महिना प्लास्टर व्हता. मोरीत न्यायला दोघं लागायची.”

“फोन केले असतील.”

“फोनवर कोन येतंय आपल्यात?” म्हातारी हसली.

“मंग बाबा सोता दारात आले, आसं दादू म्हनत व्हता ते?”

“ते पयल्या कार्यक्रमाचं. तवा फिरले घरोघर. मंग म्हनले, आता पोराला माजी गरज नाय.”

“मला कदी बोलले नाय ते.”

“तू कदी इचारलंस?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने कप रेवापुढे ठेवला आणि साखर कमी पडली का, ते विचारलं.

भावेशने त्या कागदावर सही केली, न वाचता. मग रेवाला म्हणाला, “परत लावता?”

तिने लावलं. मैदान पुन्हा गायला लागलं, पण या खेपेला त्याने गर्दीकडे पाहिलं नाही. तो पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीकडे बघत राहिला. बापाचे ओठ हलत होते. दुसऱ्या कडव्यालाही हलत होते.