गावाकडची बोली

कोविडच्या काही वर्षं आधी मी यूएईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदरातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये डॉक्टर होते. घर बर दुबईत, अल मनखूलला. नवरा आणि मुलगी तिथे, मी आठवड्यातले चार दिवस इकडे. पेशंट बहुतेक बांधकामावरचे, हिंदीत सगळं भागायचं.

एका सकाळी जवळच्या साइटवरून उत्तर कोरियाचा एक कामगार आला. तिशीचा, हडकुळा. पाइपाखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं चिरडली होती. सोबत त्याच्याच देशाचा, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस. मी काहीही विचारलं, की कामगाराकडे न बघता हाच उत्तर द्यायचा. "दुखतंय का?" "नो पेन." "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" "नो." तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

बाकावर माझा बीपीचा एक पेशंट बसला होता. दक्षिण कोरियाचा इंजिनियर, पंचावन्नच्या पुढचा, बंदरावरच्या क्रेनच्या कामासाठी आलेला. मी त्याला आत बोलावलं. "याला पेनिसिलिन चालतं का, एवढंच विचाराल?"

त्याने विचारलं. कामगार दचकला, मग हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलला. ती ऐकून इंजिनियरचा चेहरा पांढराफटक पडला. स्टुलावर बसून तो भराभर काही विचारू लागला. कामगाराने एकच शब्द उच्चारला. ते त्याच्या गावाचं नाव होतं, हे मला नंतर कळलं.

दार उघडलं. शर्टवाल्याने दोघांकडे बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात एक वाक्य टाकलं. कामगाराने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी टाके घातले, बँडेज बांधलं, तरी त्याने मान वळवली नाही.

ते गेल्यावर इंजिनियर तसाच बसून राहिला.

"माझे वडील त्याच गावचे," तो म्हणाला. "कोरियावरचं जपानी राज्य गेलं तेव्हा बाहेरच्या दोन बड्या देशांनी आमच्या नकाशावर रेघ मारली. माझ्या आजीला ती रेघ ठाऊकही नसेल. मग लढाई झाली. थंडीत दक्षिणेकडचं सैन्य मागे हटायला लागलं, तेव्हा तिने वडिलांना दक्षिणेला निघालेल्या जहाजाकडे पिटाळलं. आठ-दहा दिवसांनी ये म्हणाली. मागे ती आणि माझी सहा वर्षांची आत्या. लढाई थांबली, पण तह झालाच नाही. ना पत्र, ना फोन. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. हा 'दुखतंय' म्हणाला ना, ते हुबेहूब त्यांच्यासारखं. सोलमध्ये तसं कुणी बोलत नाही."

आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर पेशावरचा होता. माझ्या डब्यातली भाजी खात तो मला काश्मीरवरून खुशाल छेडायचा, मीही भांडायचे. त्या क्षणी तो मला आठवला.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग होतं. इंजिनियर अर्ध्या दिवसाची रजा काढून आला, आत्याचं नाव एका कागदावर लिहून. कामगार आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. मी साइटवर फोन लावला. सुपरवायझर मल्याळी होता. "डॉक्टर, उसको वापस भेज दिया. खलास. आप मत पूछो."

इंजिनियरला सांगावंच लागलं.

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तसं कसं म्हणता? त्या हाताने काम होणार नव्हतं. म्हणून पाठवला असेल."

"आमच्याशी बोलणं हा त्यांच्यासाठी गुन्हा आहे, डॉक्टर. मला माहीत होतं. तुम्ही औषधाचं विचारायला सांगितलं होतंत. गावाचं मी विचारलं."

त्याला आत बोलावलं होतं ते मीच, हे मला म्हणता आलं असतं. मी त्याचं बीपी बघितलं. वाढलेलं होतं. गोळी बदलून दिली.

"वडिलांना सांगितलंत?"

"नाही. गावचा माणूस भेटला म्हटलं, तर रोज विचारतील, पुढे त्याचं काय झालं."

त्या हिवाळ्यात क्रेनचं काम संपलं आणि तो सोलला परतला. वर्षभराने त्याचा मेसेज आला. वडील गेले, आणि त्यांना आपण शेवटपर्यंत काही सांगितलं नाही, असं लिहिलं होतं. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला.

"बरं केलं," नवरा म्हणाला.

मला अजून तसं म्हणवत नाही.