काकूंचा हलवा

"टोचलं का?"

काकू हलव्याचा एक दाणा दोन बोटांत धरायच्या, एक डोळा मिटून तो उन्हाकडे करून बघायच्या आणि मग जवळ जे पोर असेल त्याच्या गालावर दाबून हा प्रश्न विचारायच्या. पोर "आई गं" म्हणालं तर हलवा पास. गप्प बसलं तर परात पुन्हा शेगडीवर. आमच्या गल्लीतल्या पोरांनी यातली मेख फार लवकर ओळखली होती. टोचलं म्हटलं की तो दाणा तोंडात मिळायचा. माझी थोरली तर काकूंनी दाणा उचलायच्या आधीच गाल पुढे करून ओरडायची, "टोचलं, लय टोचलं!"

आम्ही परभणीत भाड्याने राहायला आलो तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझे यजमान कचेरीत नक्कलनवीस होते, म्हणजे दिवसभर उर्दू कागदांच्या नकला उतरवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन मान दुखते म्हणायचं. आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर. विधवा बाई. चारठाण्याकडे थोडी शेती बटईने दिलेली, एकुलता एक मुलगा रेल्वेत. अंगाने एवढ्याशा, पण आवाज असा की त्यांनी अंगणातून "दूध उतू चाललंय गं" म्हटलं की चार घरच्या बायका चुलीकडे धावायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. नसेल तर मला तुमची कीव येते.

वर्षाचे अकरा महिने काकू चारचौघींसारख्याच होत्या. पौषात थंडी कडाडली की मात्र त्यांच्या अंगात यायचं. पहाटे अंगणात शेगडी, तिच्यात राखेने झाकलेले निखारे, वर पितळी परात आणि परातीत मूठभर तीळ. साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचे. पाक वाळला की पुन्हा थेंब, पुन्हा बोटं. असं सहा-सात दिवस केलं की तिळाचा टपोरा पांढरा दाणा होतो, आणि हवा कोरडी, थंडगार असली तर त्याला बारीक काटे फुटतात. त्या काट्यातच सगळी इभ्रत. काकूंची बोटं भाजून लाल व्हायची. मी एकदा म्हटलं, "काकू, हलवा बाजारात आयता मिळतो की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पोरगंच बाजारातून आणायला सांगितलं होतं.

परातीजवळ बोलायची बंदी होती. "बोलायलीस कामून? तोंडाची वाफ लागती काट्याला." त्यामुळे बघायला आलेल्या बायका पदर तोंडावर धरून उभ्या राहायच्या. आमच्या गल्लीतल्या बायका गप्प बसतात हे मी तेवढ्या एका ठिकाणी पाहिलं.

हा सगळा खटाटोप बोरन्हाणासाठी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी लहान पोराला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे. भोवतीच्या पोरांनी ते लुटायचे. पोर कुणाचंही असो, दागिने काकूंचे आणि ओतायलाही काकूच. कायदाही त्यांचाच. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत. सहावं लागलं की पोर बाद. एका बाईंनी लाडाकोडाने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला पाटावर बसवलं, तर काकूंनी त्याला दंड धरून उठवलं. "ह्या घोड्याला बोरं कशाला? मुंडावळ्या बांधा!" त्या बाई पुढे महिनाभर काकूंशी बोलत नव्हत्या. काकूंना ते कळलंच नाही, कारण तो महिनाभर त्याच बोलत होत्या.

माझा धाकटा पहिल्यांदा पाटावर बसला तेव्हा त्याने आरती ओवाळायच्या आत हलव्याची बासरी चोखून चोखून तिचा दोरा केला. दुसऱ्या वर्षी डोक्यावर बोरं पडताच घाबरून पाटावरच कार्यक्रम उरकला. काकू म्हणाल्या, "शुभ असतंय." त्या कशाला शुभ म्हणतील याचा नेम नव्हता. पोर रडलं तरी शुभ आणि हसलं तरी शुभ.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. दर पौषात काकू माझ्या धाकट्याला बोलवून त्याच्या डोक्याचं, गळ्याचं, मनगटाचं माप घ्यायच्या. दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची, कनवटीला लावायचा. आणि त्याला घालायचे दागिने मात्र गल्लीतल्या इतर पोरांसारखेच, अंदाजाने केलेले, सैल. मग मापाचे दोरे जायचे कुठे? एकदा विरजण मागायला गेले तर फडताळातला बिस्किटांचा डबा उघडा होता. आत मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, सगळा सरंजाम गेल्या वर्षीचा, आणि त्यावर मुंग्यांची रांग.

"कुणाचे हो हे, काकू?"

"मुंग्यांचे," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं.

बाकीचं मला समोरच्या घरातल्या आजींनी सांगितलं. काकूंना एक नातू होता, माझ्या धाकट्याच्याच वयाचा. सून हैदराबादची, शिकलेली. नातवाच्या पहिल्या संक्रांतीला, आम्ही गल्लीत राहायला यायच्या आधी, तिने माहेरून हलवा आणवला होता, शहरातला, गुलाबी, गुळगुळीत. पोराला त्याचेच दागिने घालून तिने पाटावर बसवलं. सगळी गल्ली जमलेली. काकूंनी एक दाणा उचलला, उन्हाकडे धरला आणि म्हणाल्या, "ही तर शेळीची लेंडी. रंगवलेली."

सुनेने पोराला पाटावरून उचललं आणि आत गेली. बोरं टोपलीतच राहिली. पुढे महिनाभरात मुलाची बदली पूर्णेला झाली, म्हणजे त्यानेच ती मागून घेतली. तेव्हापासून मुलगा पंधरा दिवसांतून एकदा एकटा यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि खाली मान घालून परत जायचा. नातवाचं नावही दोघांपैकी कुणी काढत नसे. काकू दर वर्षी माझ्या पोराच्या मापाने नातवाचे दागिने करत होत्या आणि मुंग्यांना घालत होत्या. परभणीहून पूर्णा ती केवढी दूर, गाडीने तासाभराची वाट! पण "लेंडी" हा शब्द परत घेऊन तेवढं जाणं काकूंना जमत नव्हतं. पटत होतं, जमत नव्हतं.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षीच्या पौषात काकू मापाला आल्या तेव्हा मीच हिशेब केला. माझ्या पोराला पाचवं चालू होतं. म्हणजे नातवालाही. म्हणजे हे शेवटचं. काकूंनीही तो केलाच असणार, कारण त्या दिवशी दोरा गुंडाळताना त्यांनी धाकट्याच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला, आणि त्या काही तशा बाई नव्हत्या.

आणि नेमकं त्याच वर्षी आभाळ आलं. ऐन पौषात ढग, दमट वारा, थंडीचा पत्ता नाही. लढाईपासून साखरेची टंचाई होती. काकूंनी सहा महिने बिनसाखरेचा चहा पिऊन ती साठवलेली. रोज पहाटे शेगडी पेटायची, रोज काकू दाणा उन्हाकडे धरायच्या, पण उन्हाचाच पत्ता नसायचा. आठव्या दिवशी त्यांनी माझ्या धाकट्याच्या गालावर दाणा दाबला.

"टोचलं का?"

"टोचलं!" तो सवयीने ओरडला आणि त्याने तोंड उघडलं.

"लबाड हायस तू," काकू म्हणाल्या आणि दाणा त्याच्या तोंडात टाकला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "औंदा मपल्याच हातानं लेंड्या झाल्या गं."

एवढ्या हळू आवाजात त्या बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं. त्या हसण्यातूनच मला पुढची बुद्धी सुचली. घरी येऊन मी सुनेला चिठ्ठी लिहिली. माझी तिची ओळख नव्हती. समेट करा, म्हातारं माणूस आहे, असलं काही लिहिलं नाही. तसलं मुलाने पुष्कळ सांगून पाहिलं असणार. मी एवढंच लिहिलं: "तुमच्या सासूबाईंचा हलवा यंदा बिनकाट्याचा झाला आहे. अगदी गुळगुळीत. हवं तर डोळ्यांनी येऊन बघा." पुरावा म्हणून काकूंच्या परातीतून हळूच उचललेले चार दाणे पुडीत घातले आणि यजमानांच्या ओळखीच्या एका माणसाबरोबर पूर्णेला धाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सून हजर! प्रेमापोटी जी चार वर्षं आली नाही, ती चार दाण्यांपायी आली. बाईच्या जातीला मी पुरती ओळखते, मी त्यातलीच आहे.

टांगा थांबला. नवरा मागे, एका हाताला पोर, दुसऱ्या हातात पिशवी, चेहरा कोर्टात उभं केल्यासारखा. सून तडक अंगणात गेली, परातीपाशी वाकली, एक दाणा उचलून स्वतःच्या गालावर दाबला. काकू शेगडीशी बसलेल्या, उठल्या नाहीत. मी भिंतीवरून बघत होते. भिंतीवरून बघणं वाईट हे मला मान्य आहे.

"टोचत नाही, सासूबाई."

"न्हाई टोचत. तू आणलावतास तसाच झालाय."

सुनेने पुढचं वाक्य पूर्णेहून पाठ करून आणलं असणार. पण तिची नजर काकूंच्या बोटांवर गेली. टोकं सोललेली होती, दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने ते वाक्य गिळलं आणि म्हणाली, "याच्यासाठी दागिने केलेत का?"

काकूंनी यंदाच्या दागिन्यांचा डबा आणला. आणि मग जे झालं त्याने सगळी गल्ली हसली. माझा धाकटा म्हणजे वाळकी काडी. नातू निघाला चांगला गुबगुबीत, मुसळासारखे दंड, भोपळ्यासारखं डोकं. मुकुट त्याच्या टाळूवर बोराएवढा बसला. बाजूबंद मनगटाच्या वर सरकेना. हार काकूंनी ओढून ताणून मानेमागे बांधला तोच पोराने शिंक दिली. दोरा तुटला आणि गुळगुळीत हलवा अंगणभर घरंगळत गेला.

काकू त्या पोराकडे बघतच राहिल्या. आधी दंड चाचपला, मग गाल, मग पोट. चार वर्षं ज्याचं माप त्या दुसऱ्याच्या पोरावर घेत होत्या, ते हे.

"चांगलं पोसलंस गं," त्या सुनेला म्हणाल्या. "लय चांगलं पोसलंस."

सून इतका वेळ ताठ उभी होती, ती तिथेच खाली बसून रडायला लागली. काकूंनी तिला समजावलं नाही. त्यांनी बोरांची टोपली आणली आणि खणखणीत आवाजात गल्लीला हाक मारली, पूर्वीसारख्याच.

संध्याकाळी टांग्यात बसताना तो नातू म्हणाला, "आजी, पुढच्या साली पण यायचं का?"

मी कान टवकारले. पुढच्या साली त्याला सहावं.

"ये की," काकू म्हणाल्या. "मोजायला कोण बसलंय?"

पुढच्या साली मी तिथे नव्हते. रझाकारांची धामधूम वाढली तशी गल्लीतली घरं एकेक करून कुलपं लावून गेली. कुणी वऱ्हाडात, कुणी सोलापूरकडे. यजमानांनी मला पोरांसकट माझ्या भावाकडे वाशीमला पोचवलं. निघताना मी काकूंना चला म्हटलं. "पोरगं संक्रांतीला यायलंय," एवढंच त्या म्हणाल्या. निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा काकू नव्हत्या. त्या उन्हाळ्यातच तापाने गेल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं, की त्यांच्या शेवटच्या संक्रांतीला मी भिंतीपलीकडे नव्हते.

त्या संक्रांतीचं मला सुनेने सांगितलं. घर आवरायला ती आली होती तेव्हा आम्ही दोघी काकूंच्या ओट्यावर बसलो होतो. ठरल्याप्रमाणे ते तिघं त्या धामधुमीतही पूर्णेहून आले. सहा वर्षांचा तो घोडा काळा सदरा घालून पाटावर बसला, पाटाबाहेर सांडत होता. काकूंनी टोपली त्याच्या डोक्यावर उपडी केली. बोरं चहूकडे पळाली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की लुटायला गल्लीत एकही पोर उरलेलं नाही. नातू पाटावरून इकडेतिकडे बघायला लागला, त्याचा ओठ थरथरायला लागला.

"तेव्हा सासूबाईंनी पदर खोचला," सून म्हणाली, "आणि खाली बसून रांगायलाच लागल्या. मग यांनी रेल्वेचा कोट काढला, मग मी. तिघं खाली पडून लुटत होतो हो. मी आणि सासूबाई एकाच बोरासाठी बाजेखाली शिरलो, ते त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतलं. पोरगं हसून हसून पाटावरून खाली पडलं."

त्या दिवशी काकूंच्या वाट्याला सात बोरं आली. त्यातलं एकही त्यांनी कुणाला दिलं नाही.