आभाळातली पेटी आणि काकांचा बैल
नवी छत्री उघडली की तिच्या कापडाच्या वासासरशी मला दरेकशाचं आमचं शेत आठवतं. धान कापून झालं होतं आणि भर दुपारी आभाळातून अख्ख्या गावाचा लग्नमांडव होईल एवढी लाल-पांढरी छत्री उतरली. तिच्या दोऱ्यांत काकांचा बैल अडकला आणि त्याच्या पायाशीच एक पेटी टिकटिक करत पडली. "बॉम्ब!" कुणीतरी ओरडलं, तसं गाव पळालं, मी तर छत्तीसगडच्या हद्दीला शिवून परत आलो. तोवर दोरी बैलाच्या मानेला आवळत चालली होती, त्याचे डोळे पांढरे झाले होते. काका विळा घेऊन निघाले. "काका, फुटन ते!" मी ओरडलो. "फुटन त फुटन. बैल का तुहा बाप सोडवन?" मग फक्त टिकटिक आणि दोरीवर विळ्याची करकर. शेवटची दोरी तुटली आणि बैल उधळला. संध्याकाळी पेटी शोधत जीपमधून साहेब आले. हवा मोजणारी ती पेटी हैदराबादहून फुग्याला बांधून सोडलेली होती आणि काम झाल्यावर छत्रीनं खाली उतरली म्हणे. "अगला गुब्बारा दक्षिण ध्रुव पे उड़ेगा, बर्फ के ऊपर," साहेब कौतुकानं बोलले. काकांनी डोळे बारीक केले, "वहाँ किसी का बैल तो नहीं चरता ना?" साहेब हसले, काका हसले नाहीत. आजही पेपरात ध्रुवावरच्या फुग्याचा फोटो दिसला, की मी आधी खाली बर्फात बैल शोधतो.